औषधांच्या गोदामांतील संकटकाळचे दिवे

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आपण औषधाची बाटली आणतों, तिच्यावरील किंमत पाहतों, मुदत पाहतों, आणि फार तर कंपनीचें नांव वाचतों. पण ही बाटली कारखान्यांतून निघाल्यापासून दुकानाच्या फळीवर येईपर्यंत कोठें राहिली, तिची राखण कोणीं केली, आणि ती राखण करणारीं माणसें कशा जागेंत वावरतात, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. कारखाना आणि दुकान यांच्या मधला जो मुक्काम, तें औषधांचें गोदाम. मुंबई-ठाण्याकडे येणारीं औषधें ज्या गोदामांतून निघतात, त्यांपैकीं पुष्कळ गोदामें आज भिवंडीच्या आसपास, मुंबई-नाशिक रस्त्याच्या बाजूनें पसरलेलीं आहेत. यंत्रमागांचें गांव म्हणून प्रसिद्ध असलेली भिवंडी आतां देशांतील मोठ्या वखारींच्या ठिकाणांतही मोजली जाते. अशा एखाद्या गोदामांतील एका लहानशा, बहुधा दुर्लक्षित वस्तूसंबंधानें आजचें हें भाषण आहे. ती वस्तु म्हणजे वीज गेली असतां आपोआप लागणारा दिवा. गोदामांतील लोक ज्याला 'इमर्जन्सी लाइट' म्हणतात तो.

औषधांना ऊन मानवत नाहीं. बऱ्याच औषधांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांहून अधिक उष्णतेंत ठेवूं नये अशी सूचना असते. इन्शुलीन आणि बहुतेक लसी तर २ ते ८ अंशांच्या थंडाव्यांत ठेवाव्या लागतात. प्रकाशानेंही कित्येक औषधें बिघडतात, म्हणून तर त्यांच्या बाटल्या तपकिरी कांचेच्या करतात. या सर्व कारणांनीं औषधांच्या गोदामाला खिडक्या जवळजवळ नसतातच. बाहेर टळटळीत दुपार असली तरी आंत जो उजेड दिसतो तो सगळा विजेचा. वीज गेली कीं भर दुपारीं आंत अमावास्या. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई या भागांतील वीज एकाएकीं गेली; लोकलगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, आणि कित्येक वस्त्यांत वीज परत येण्यास तासांचे तास लागले. घरीं असलेल्या माणसानें त्या वेळीं खिडकी उघडली आणि आपलें काम चालविलें. ज्या इमारतीला खिडकीच नाहीं, तिच्यांत काम करणाऱ्याला ही सोय नसते. औषधाला जो अंधार हितकारक, तोच माणसाला घातक, असा हा पेंच आहे. आणि तो सोडविण्याचें काम या लहानशा दिव्याकडे आलेलें आहे.

अंधार झाला म्हणजे नेमकें काय होतें, हें समजण्यासाठीं गोदामाचा अंतर्भाग डोळ्यांपुढें आणला पाहिजे. दहा मीटर, म्हणजे सुमारें तीन मजली घराएवढ्या उंचीपर्यंत लोखंडी मांडण्यांच्या रांगा उभ्या असतात. तेथें त्यांना रॅक म्हणतात. दोन रांगांच्या मधून अरुंद बोळ जातात. एखाद्या बोळाच्या टोकाला उभ्या असलेल्या हमालापासून बाहेरचें दार साठ-सत्तर मीटरही दूर असूं शकतें, आणि मध्यें दोन-तीन वळणें असतात. कोणी माणूस यंत्राच्या पाळण्यांतून पांच-सहा मीटर उंचीवर जाऊन खोकीं काढीत असतो. खालीं फोर्कलिफ्ट धांवत असते, आणि ती स्वतःच्या बॅटरीवर चालत असल्यामुळें गोदामाची वीज गेली म्हणून ती थांबत नाहीं. एका कोपऱ्यांत शीतगृह असतें. त्याचें जाड दार बंद झालें कीं आंतल्याची हांक बाहेर ऐकूं येत नाहीं. दुसऱ्या बाजूला स्पिरिटासारख्या ज्वालाग्राही द्रवांची खोली असते. अशा जागीं क्षणार्धांत काळोख झाला तर ओरड होते, कोणी धांवतो, कोणी जागींच खिळून राहतो, आणि या तिघांनाही अपघाताची सारखीच भीति असते. वीज जाण्याचें कारण जर आग हेंच असेल, तर अंधाराच्या जोडीला धूरही येतो.

माणसाच्या डोळ्याची रचना अशी आहे कीं, लख्ख उजेडांतून एकदम अंधारांत गेल्यावर त्याला अंधाराची पुरती संवय होण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. जसजसें वय वाढतें तसतसा हा काळही वाढतो. परंतु अगदीं थोडा उजेड मिळाला तरी वाट काढण्यापुरतें दिसूं लागतें. प्रकाश मोजण्याचें परिमाण लक्स हें आहे. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटर अंतरावर जितका पडतो, तितका साधारण १ लक्स समजावा. पौर्णिमेचें चांदणें पाव लक्सच्या आसपास भरतें, तर कचेरींतील लिहिण्याच्या मेजावर ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. युरोपांतील प्रमाणग्रंथ असें सांगतो कीं, बाहेर पडण्याच्या वाटेच्या मध्यरेषेवर, जमिनीलगत, संकटकाळीं निदान १ लक्स उजेड असावा. आणि त्यांतील निम्मा उजेड पांच सेकंदांच्या आंत व पुरता उजेड एका मिनिटाच्या आंत मिळावा. आग विझविण्याचीं साधनें व प्रथमोपचाराची पेटी जेथें असेल तेथें ५ लक्स. जेथें एकाएकीं अंधार झाला तर हातांतील कामच जीवावर बेतेल, अशा जागीं नेहमींच्या उजेडाचा दहावा हिस्सा, परंतु १५ लक्सहून कमी नव्हे, आणि तोही अर्ध्या सेकंदांत.

येथें पुष्कळांच्या मनांत एक शंका येते. मोठ्या गोदामाला जनरेटर असतोच. मग या निराळ्या दिव्यांची गरज काय? या शंकेचीं उत्तरें तीन आहेत. पहिलें, जनरेटर कितीही चांगला असला तरी तो सुरू होऊन भार उचलीपर्यंत कांहीं सेकंद जातात, आणि पाळण्यांत उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीनें ते सेकंद फार मोलाचे असतात. दुसरें, वीज नेहमीं बाहेरूनच जाते असें नाहीं. गोदामांतील एखाद्याच बोळाची तार जळते किंवा एखादेंच बटण गळतें. त्या वेळीं बाकी गोदाम उजळलेलें असतें, जनरेटरला कांहीं कळतही नाहीं, आणि तो एक बोळ मात्र काळोखांत बुडतो. तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें, आग लागली असतां अग्निशामक दल सहसा प्रथम विजेचा पुरवठा तोडतें. तेव्हां ज्या दिव्याजवळ स्वतःची शिदोरी आहे, तोच अखेरपर्यंत साथ देतो.

ही शिदोरी बांधण्याचें शहाणपण माणसानें फार महाग किंमतीला विकत घेतलें आहे. २८ नोव्हेंबर १९४२ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरांत कोकोनट ग्रोव्ह नांवाच्या विलासगृहाला आग लागली. दिवे गेले, मुख्य फिरतें दार माणसांच्या गर्दीनें अडकलें, आणि ४९२ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर संकटकाळचे दिवे आणि बाहेरची वाट दाखविणाऱ्या पाट्या यांसंबंधींचे नियम तेथें कडक झाले. आपल्या देशांत १३ जून १९९७ रोजीं दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत रोहित्रापासून आग लागून ५९ जीव गेले. तेथेंही बाल्कनींतील प्रेक्षकांना धुरांत आणि अंधारांत वाट सांपडली नाहीं. हीं दोन्ही ठिकाणें गोदामें नव्हतीं हें खरें. परंतु अंधाराला इमारतीचा प्रकार कळत नाहीं.

आतां या दिव्याची रचना पाहूं. याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारांत प्रत्येक दिव्याच्या पेटींतच लहानशी बॅटरी असते. वीज असेपर्यंत ती भरत राहते, आणि वीज गेली कीं आंतील यंत्रणा बॅटरीला दिव्याशीं जोडून देते. पेटीवर एक बारीक हिरवा ठिपका चमकत असतो. बॅटरीला पुरवठा पोंचत आहे, अशी ती खूण. दुसऱ्या प्रकारांत एका स्वतंत्र खोलींत मोठ्या बॅटऱ्यांची रांग ठेवतात, आणि तेथून तारांच्या वाटे सर्व दिव्यांना वीज पुरवितात. या तारा आगीलाही कांहीं काळ दाद न देणाऱ्या असाव्या लागतात. पहिला प्रकार बसविण्यास सोपा, परंतु शंभर दिवे म्हणजे शंभर बॅटऱ्यांची काळजी. दुसरा प्रकार खर्चाचा, परंतु काळजी एका खोलींत गोळा झालेली. बाहेरची वाट दाखविणारी हिरवी पाटी बहुधा अखंड पेटती ठेवतात. इतर दिवे वीज गेल्यावरच लागतात.

दिवा किती वेळ जळावा? आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तींत निदान ९० मिनिटांची मर्यादा घातलेली आहे. सत्तर मीटर चालण्यास मिनिट-दीड मिनिट पुरे, मग दीड तास कशासाठीं, असें कोणी विचारील. परंतु बाहेर पडणें हें कामाचें पहिलें पाऊल आहे. बाहेर आलेल्यांची मोजदाद करावयाची असते. एखादा कमी भरला तर त्याला शोधावयाचें असतें. पाळण्यांत अडकलेल्याला खालीं उतरवावयाचें असतें, शीतगृहांत कोणी राहिलें का तें पहावयाचें असतें. या सर्व कामांना उजेड लागतो, आणि तीं करणारीं माणसें अंधारांत आंत शिरणारीं असतात.

अशा या दिव्याचा स्वभाव इतर यंत्रांहून निराळा आहे. पंखा बिघडला तर उकडतें, नळ बिघडला तर पाणी येत नाहीं. बिघाड स्वतःच ओरडून सांगतो. संकटकाळचा दिवा बिघडला तर कांहींच होत नाहीं. तो वर्षानुवर्षें मेलेला राहिला तरी रोजच्या व्यवहारांत कोणाचें कांहीं अडत नाहीं. त्याची गरज पडेल त्या एकाच घटकेला त्याचें मरण उघडकीस येतें, आणि तेव्हां उपाय करण्याची वेळ गेलेली असते. म्हणून या दिव्याच्या बाबतींत परीक्षा ही देखभालीची पुरवणी नव्हे. मुख्य देखभाल तीच होय.

परीक्षा तीन प्रकारच्या सांगितल्या आहेत. पहिली रोजची, आणि ती नुसत्या नजरेची. मध्यवर्ती बॅटरीची यंत्रणा असेल तर तिच्या फलकावरील खुणा रोज पहाव्या. सुट्या दिव्यांवरील हिरवे ठिपकेही येतां-जातां दृष्टीखालून घालावे.

दुसरी परीक्षा महिन्याची. नेहमींच्या दिव्यांचा पुरवठा त्या त्या भागापुरता, त्यासाठींच बसविलेल्या चावीनें, तोडावयाचा. आणि मग गोदामभर हिंडून प्रत्येक दिवा लागला आहे कीं नाहीं, कांच स्वच्छ आहे कीं नाहीं, पाटीवरील बाण योग्य दाराकडे वळलेला आहे कीं नाहीं, हें पहावयाचें. पुरवठा पुन्हां चालू केल्यावर हिरवा ठिपका परत आला हेंही पहावयाचें, कारण चावी परत फिरविण्यास विसरल्यामुळें परीक्षेनंतरच दिवे निकामी होणें अशक्य नाहीं. अमेरिकेंतील नियम ही मासिक परीक्षा निदान तीस सेकंदांची असावी असें सांगतो. हिच्यामुळें दिवा व त्याची यंत्रणा जिवंत आहे एवढें कळतें. बॅटरींत किती दम आहे तें मात्र कळत नाहीं. शाळा-तपासनीस आले असतां एखादा मुलगा पाढ्याची पहिली ओळ खणखणीत म्हणतो आणि 'बस, पुरे' या शब्दाची वाट पाहतो. बॅटरीचेंही तसेंच आहे. बटण दाबून दोन सेकंदांत सोडलें तर म्हातारी बॅटरीही डौलानें उजेड दाखविते. तिला एकोणतिसाचा पाढा शेवटपर्यंत म्हणावयास लावला म्हणजे खरें काय तें बाहेर येतें.

तो पाढा म्हणजे तिसरी, वार्षिक परीक्षा. वर्षांतून एकदां दिवे पूर्ण मुदतभर, म्हणजे जेथें ९० मिनिटांची मर्यादा आहे तेथें ९० मिनिटें, आणि ब्रिटनमध्यें पुष्कळ ठिकाणीं तीन तास, जळत ठेवावयाचे. मुदतीच्या शेवटीं पुन्हां फेरी घालावयाची. एकोणनव्वदाव्या मिनिटाला विझलेला दिवा नापास. 'जवळजवळ उत्तीर्ण' असा शेरा या परीक्षेंत नाहीं. प्रकाश मोजण्याचें उपकरण हातीं असेल, आणि त्याची स्वतःची तपासणी वेळच्या वेळीं झालेली असेल, तर दोन दिव्यांच्या मध्यभागीं, जेथें उजेड सर्वांत कमी, तेथें जमिनीवर तें ठेवून आंकडा घ्यावा.

या वार्षिक परीक्षेंत एक अडचण आहे. रिकामी झालेली बॅटरी पूर्ण भरण्यास चोवीस तासांपर्यंत वेळ लागतो. म्हणजे परीक्षा संपल्यापासून दुसऱ्या दिवसापर्यंत गोदाम निराधार राहतें. परीक्षा झाल्यावर त्याच रात्रीं वीज गेली तर? यासाठीं दोन युक्त्या आहेत. एक, परीक्षा सुटीच्या आदल्या दिवशीं, काम संपल्यावर घ्यावी, म्हणजे माणसें परत येईपर्यंत बॅटऱ्या भरतात. दुसरी, जेथें रात्रंदिवस काम चालतें आणि सुटी अशी नसतेच, तेथें एकाआड एक दिवे निवडून निम्म्यांची परीक्षा या आठवड्यांत आणि उरलेल्या निम्म्यांची पुढच्या आठवड्यांत घ्यावी. मात्र हे दिवे एकाआड एक तपासतां यावे अशी तारांची जोडणी मुळांतच केलेली असली पाहिजे.

आपल्या घरांत आषाढ अमावास्येला दिव्यांची पूजा होते. समया, निरांजनें, कंदील हे सर्व त्या दिवशीं खालीं काढतात, चिंच लावून घांसतात, काजळी पुसतात, वाती घालतात आणि पेटवून पाटावर मांडतात. अडगळींतला गळका दिवा वर्षभर लपून राहिला तरी त्या दिवशीं हटकून सांपडतो. पावसाळ्यांतील काळोख्या रात्रींसाठीं घरांतील प्रत्येक दिवा एकदां हातीं धरून पहावा, हा व्यवहार त्या पूजेंत आपोआप साधला जातो. गोदामांतील वार्षिक परीक्षा याहून निराळी नाहीं. फक्त येथें पाटाच्या जागीं नोंदवही आहे.

औषधांच्या गोदामांत या कामाला आणखी चार-पांच खास अडचणी येतात. पहिली, रॅकची. दिवे बसवितांना नकाशांत जमीन मोकळी दिसते. पुढें व्यापार वाढतो, नव्या रांगा उभ्या राहतात, खोकीं छतापर्यंत जातात, आणि दिवा उत्तम जळत असूनही त्याचा उजेड खोक्यांच्या माथ्यावर पडून राहतो, वाट काळोखीच राहते. म्हणून रांगा हलविल्या कीं दिव्यांचा नकाशा नव्यानें पाहिलाच पाहिजे. दुसरी, उष्णतेची. खालीं औषधांसाठीं थंडावा राखला जातो, परंतु पत्र्याच्या छताखालीं, दहा मीटर उंचीवर, वैशाखांत भट्टी पेटलेली असते. शिशाच्या बॅटरीच्या बाबतींत असा ठोकताळा आहे कीं, उष्णता दहा अंशांनीं वाढली तर तिचें आयुष्य निम्में होतें. दिव्यांतील लहान बॅटरी निदान चार वर्षें टिकावी अशा बेतानें करण्याचा युरोपीय नियम आहे. परंतु छतालगतच्या भट्टींत ही चार वर्षें गृहीत धरतां येत नाहींत. तिसरी, उंचीची. शिडी पुरत नाहीं, यंत्राचा पाळणा लागतो, त्यासाठीं बोळ मोकळा करावा लागतो. म्हणून उंचावरील दिव्याची दुरुस्ती मागें पडत जाते. बॅटरी दिव्यापासून वेगळी करून हातीं येईल अशा जागीं बसविली, तर उष्णता व उंची या दोन्ही अडचणी बऱ्याच हलक्या होतात.

चौथी अडचण थंडीची. शून्याखालीं वीस अंशांच्या खोलींत बॅटरी नीट भरत नाहीं आणि तिची शक्तिही मंदावते. म्हणून अशा खोलींतील दिव्याची बॅटरी खोलीबाहेर ठेवून तार आंत नेणें हा चांगला मार्ग. आंतून दार उघडण्याची मूठ अंधारांतही दिसावी, आणि मदतीची घंटा वाजविण्याचें बटण तिच्या जवळच असावें. मासिक फेरींत मूठ फिरवून व घंटा वाजवूनही पहावी. पांचवी, ज्वालाग्राही द्रवांच्या खोलीची. तेथील दिवे ज्वालारोधी बनावटीचेच हवेत, आणि त्यांचें झांकण वीज तोडल्याशिवाय व हवेंत वाफारा नाहीं याची खात्री केल्याशिवाय उघडूं नये. एरवीं सुरक्षिततेसाठीं बसविलेला दिवाच ठिणगी टाकील.

एवढें सर्व करून तें लिहून ठेवावयाचें. प्रत्येक दिव्याला क्रमांक असावा, तो क्रमांक नकाशावर असावा, आणि नोंदवहींत तारीख, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, निकाल, दोष, त्यावर केलेला उपाय आणि सही हीं सर्व असावीं. औषधांच्या धंद्यांत असा एक दंडक आहे कीं, जें लिहिलें नाहीं तें केलें नाहीं असें समजावें. हा दंडक चांगला आहे, पण त्याची दुसरी बाजू कोणी बोलून दाखवीत नाहीं. जें केलें नाहीं तें लिहितां मात्र येतें. एका कल्पित प्रसंगानें हें स्पष्ट होईल. महिनाअखेर आहे. गोदामाच्या धक्क्याला मालाच्या गाड्या लागल्या आहेत. म्हातारा वायरमन नोंदवही घेऊन तरुण व्यवस्थापकापुढें उभा राहतो आणि तीन नंबरच्या बोळाची वीज दहा मिनिटें बंद करण्याची परवानगी मागतो.

"मामा, आज नको. गाड्या सुटल्याशिवाय बोळ बंद करतां यायचा नाहीं. मागच्या महिन्यांत सगळे दिवे ठीक होते ना? मग तसेंच लिहा, मी सही करतों."

"सही आपण कराल, साहेब, पण दिवा कांहीं वही वाचून लागत नाहीं. आज नको तर नको. मी 'आज तपासणी झाली नाहीं' असें लिहितों, आणि उद्यां सकाळीं पहिली गाडी लागण्यापूर्वीं येतों."

या म्हाताऱ्यानें व्यवस्थापकाची अडचण नाकारली नाहीं. औषधें वेळेवर रुग्णालयांत पोंचणें हीही जीवनमरणाचीच गोष्ट आहे, आणि गाडी अडविणें हा कांहीं सुरक्षिततेचा विजय नव्हे. त्यानें फक्त खोटें लिहिण्याचें नाकारलें, आणि कामाला दुसरी वेळ दिली. ज्या वहींत बारा महिने सर्व दिव्यांपुढें 'ठीक' हाच शब्द एकाच शाईनें व एकाच हातानें लिहिलेला आहे, ती वही जाणत्या तपासनिसाला संतोष देत नाहीं. तिनें त्याचा संशय वाढतो. शंभर दिव्यांत वर्षभर एकही दोष न सांपडणें हें बहुधा दिव्यांचें लक्षण नसतें, पाहणाऱ्याचें असतें. उलट, 'क्रमांक ४२, चाळीस मिनिटांत विझला, बॅटरी बदलली, पुन्हां पाहिला, ९० मिनिटें जळाला' अशा चार ओळी जेथें आहेत, तेथें परीक्षा खरोखर झाली असें मानण्यास जागा असते.

कायद्याचीही या बाबतींत नजर आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याप्रमाणें इमारतीच्या मालकानें किंवा भोगवटादारानें आगीपासून बचावाचीं साधनें सुस्थितींत राखलीं आहेत, असें परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र दर वर्षीं जानेवारी व जुलै या महिन्यांत द्यावयाचें असतें. म्हणजे वर्षांतून दोनदां कागद जातो; परंतु दोन कागदांच्या मध्यें जे महिने येतात, त्यांत कायद्याचा माणूस गोदामांत बसलेला नसतो. तेथें वायरमनची फेरी आणि व्यवस्थापकाची नियत हींच कामाला येतात.

अलीकडे स्वतःची परीक्षा स्वतःच घेणारे दिवेही निघाले आहेत. ठरलेल्या वेळीं ते आपली बॅटरी तपासतात आणि निकाल संगणकावर पाठवितात. मोठ्या व उंच गोदामांत त्यांचा उपयोग फार आहे, यांत शंका नाहीं. परंतु आपल्यासमोर खोक्यांची भिंत उभी राहिली आहे, कांचेवर धुळीचा थर बसला आहे, किंवा बाण ज्या दाराकडे दाखवितो तें दार कुलूप लावून बंद केलें आहे, हें त्या दिव्याला कळत नाहीं. त्यासाठीं डोळे असलेला माणूसच हिंडला पाहिजे. तो हिंडला म्हणजे विझलेल्या दिव्याबरोबर अडविलेली वाटही सांपडते. बदललेल्या जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट हाही त्याच्याच कर्तव्याचा भाग आहे. त्यांतील कॅडमियम व शिसें हीं विषारी द्रव्यें आहेत. तीं कचऱ्यांत न टाकतां नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जावीं, यासाठीं २०२२ सालीं बॅटरी-कचऱ्याचे स्वतंत्र नियम झाले आहेत.

शेवटीं एक गोष्ट श्रोत्यांच्या घरच्या उपयोगाची. शहरांतील अनेक उंच इमारतींच्या जिन्यांत हेच दिवे बसविलेले असतात, आणि तेथेंही त्यांची हीच स्थिति असते. येत्या रविवारीं सोसायटीच्या चिटणिसांना बरोबर घेऊन जिना उतरावा. प्रत्येक मजल्यावरच्या दिव्याचा हिरवा ठिपका पहावा, आणि परीक्षेचा तपशील लिहिलेली वही आहे का तें विचारावें. मग इमारतीच्या वायरमनकडून जिन्याची वीज ठरवून बंद करवावी आणि घड्याळ लावून बसावें. त्या काळांत म्हाताऱ्या माणसांनीं जिना वापरूं नये, अशी सूचना आदल्या दिवशीं फलकावर लावावी, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं हिरवे ठिपके परत आले आहेत का तें पहावें. कोणता दिवा कितव्या मिनिटाला विझला याची यादी हातीं आली, म्हणजे पुढील सभेंत कशासाठीं पैसे मागावयाचे तें निराळें सांगावें लागणार नाहीं.